वाघोलीची बस आणि आमचे चार खाने

सर्व्हेच्या कामात आकडे यायच्या आधी किस्से जमतात, आणि ढिगाने जमतात. शनिवार पेठेतल्या आमच्या छोट्या संस्थेला एवढंच दाखवायचं होतं, की वाघोलीपुढच्या ज्या वस्त्यांना संध्याकाळची बस नाही, तिथल्या मुली जास्त कॉलेज सोडतात. कारण तिथे बस सुरू व्हायलाच हवी! त्यासाठी एक साधा तक्ता. आडव्या ओळी दोन : बस आहे, बस नाही. उभे रकाने दोन : कॉलेज चालू, कॉलेज सोडलं. चार खाने. यात चुकण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं होतं!

*

माझा सहकारी निखिल पहिल्याच दिवशी जेवायच्या आत परतला. "झाले सगळे फॉर्म!"

तक्ता केला, तर 'कॉलेज सोडलं' हा रकाना कोरा. एकही मुलगी नाही!

"निखिल, फॉर्म भरलेस कुठे?"

"कॉलेजात. वर्गातच गेलो. सगळ्या एका जागी सापडल्या!"

*

मग मीच घरोघर फिरले. एका घरी मुलीने पहिल्या वर्षातच कॉलेज सोडलेलं. तिच्या आईला विचारलं, "मावशी, संध्याकाळी इकडे बस आहे?"

"हाय की."

"मग पोरीने कॉलेज का सोडलं?"

"बस हाय, पर थांबत न्हाय. आमी हात करतो, डायवर बी हात करतो."

आता सांगा, हिला कुठल्या खान्यात बसवू?

*

आमचे प्रमुख जोशी सर. टक्केवारी त्यांनी स्वतः काढली, तीही उलटी.

"सर, बस नसलेल्यांपैकी किती जणींनी कॉलेज सोडलं, हा आपला प्रश्न आहे. तुम्ही कॉलेज सोडलेल्यांपैकी किती जणींना बस नाही, ते काढलंत."

"बेरीज शंभर येते ना?"

"येते."

"मग आपण वाद कशावर घालतोय?"

*

सरांचा भाचा हिंजवडीत, आयटीत. 'प्रोफेशनल टच'साठी तक्ता त्याच्याकडे गेला. परत आला तेव्हा चार खान्यांचे चार रंगीत गोळे झाले होते, गरगर फिरणारे!

मी फोन केला. "अरे, यात बस कुठली आणि कॉलेज कुठलं? वाचताच येत नाहीये."

"हां, ते वाचायचं असेल तर थांबवावं लागेल. पण फिरतात कसले स्मूथ!"

*

शेवटी मी सगळं पुन्हा केलं. टक्के ओळीप्रमाणे काढले, एका साध्या कागदावर तक्ता छापला आणि निखिलला सोबत घेऊन बसचे मार्ग ठरवणाऱ्या साहेबांपुढे ठेवला.

साहेबांनी चष्मा लावला. एकेका खान्यावर बोट ठेवून तक्ता खरोखर वाचला! इतक्या दिवसांत असं वाचणारा हा पहिलाच माणूस.

"म्हणजे जिथे बस नाही, तिथल्या बहुतेक मुलींनी कॉलेज सोडलंय?"

"हो सर!"

"आणि हा निव्वळ योगायोग नाही?"

"नाही सर, तेही तपासलंय."

"पटलं."

मी निखिलकडे बघितलं. जिंकलो!

साहेबांनी कागदाची नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.

"अहो मॅडम, मग आता तिथून कॉलेजला येतंय कोण? बस सोडायची कुणासाठी?"