दादांनी दिलेले नंबर

दादा मंगळवारी गेले. गुरुवारी इंटरनेटवाल्यांचा माणूस आला, राउटरचा जुना डबा काढून नवा बसवून गेला. अर्ज दादांनीच केला होता.

त्या दिवसापासून दादांच्या संगणकावर वाय-फायची खूण पूर्ण दिसे आणि एकही पान उघडत नसे. "तुमचे दादा गेले, भाऊजी, अन् नेटबी संग घेऊन गेले," वहिनी म्हणाल्या. रविवारी दहा वाजता मुर्री गावी दादांच्या घरी पुण्यानुमोदन, म्हणजे त्यांच्यासाठीची बौद्ध वंदना, होतं. दादांची मुलगी सुजाता शिलाँगला. आठवा महिना, डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केलेली. तिला अंत्यदर्शनही मिळालं नव्हतं. निदान एवढं तरी संगणकावर दाखवा, असं तिचं म्हणणं होतं. वहिनींचा आणि माझा, दोघांचेही मोबाइल बटणांचे.

दादा माझे थोरले भाऊ. इटियाडोह धरणाच्या कालव्यावर ते निरीक्षक होते. धानाच्या कोणत्या बांधीला, कोणत्या वाफ्याला कधी पाणी, हे ते वहीत लिहीत आणि त्या वेळी स्वतः तिथे जाऊन उभे राहत. एकदा एका वजनदार शेतकऱ्याने सांगितलं, "साहेब, वरच्यायचं झालं का खाली आपोआप जाते पानी. तुमी कायले उन्हात उभे?"

"आपोआप फक्त गवत येते," दादा म्हणाले आणि शेवटच्या बांधीत पाणी पोहोचेपर्यंत हलले नाहीत. घरी आले ते तापाने फणफणत. हे कसं झालं, असं वहिनींनी विचारलं तेव्हा आपोआप येणाऱ्यांच्या यादीत त्यांनी गवताखाली तापही घातला.

निवृत्तीनंतर घरी इंटरनेट आलं. डबा प्रत्येक यंत्राला आपल्या मनाने नंबर देतो, हे कळल्यावर दादा अस्वस्थ झाले. मी नोकरी करतो त्या ग्रंथालयातून त्यांनी एक जाडजूड पुस्तक नेलं, दोन महिने परत केलं नाही, आणि स्वतःच्या संगणकात 'आपोआप' बंद करून हाताने नंबर टाकला. पुढे जावई लॅपटॉप घेऊन आले, तर त्यांनाही दादांनी नंबर दिल्यावरच नेट मिळालं. तोवर त्यांनी चहा घेतला.

"काऊन जी दादा, एवढं?" मी विचारलं.

"दोघायले एकच पाळी भेटली, तं पानी कोनाच्या बांधीत जाईन?"

जावयांनी मान डोलावली. ते इंजिनिअर आहेत.

शनिवारपर्यंत मी सगळं तीनदा बंद करून चालू केलं होतं. वायरी काढून पुसल्याही होत्या. शेवटी सुजाताला फोन लावला. ती सांगेल तशा खिडक्या मी उघडत गेलो.

"आता आकडे वाचा, काका."

मी वाचले.

"हे बाबांनी टाकलेले. जुन्या डब्याला चालत होते, नव्याची मांडणी वेगळी आहे. ते काढून 'आपोआप'वर खूण करा, होईल सुरू."

मी आकडे कागदावर उतरवून घेतले. मग ताडून पाहिले.

"झालं, काका?"

"करून राहिलो."

"काका, तुम्ही नुसते बसला आहात."

"हो."

"मलाही ते पुसावेसे वाटत नाहीत. पण मला उद्या घरी यायचंय."

मी खूण केली. आकडे गेले. नक्की का, असंही संगणकाने विचारलं नाही. नेट लगेच सुरू झालं.

रविवारी दहा वाजता सुजाता पडद्यावर आली. भंतेजींमागून आम्ही वंदना म्हणू लागलो तेव्हा तिने हात जोडले. तिचा आवाज आमच्या दोन शब्द मागून येत होता. ते लक्षात आल्यावर वहिनी हळू म्हणू लागल्या. मग आम्ही सगळेच हळू म्हणू लागलो.

सुजाताला मुलगा झाला. दर रविवारी दहाला ती त्याला पडद्यासमोर बसवते. वहिनी पावणेदहापासून खुर्चीत असतात. दादांचा संगणक आता तेवढ्यासाठीच चालू होतो.