येळवशीची आंबील आणि सिंकातली गिरणी

माझ्या स्वयंपाकघरात सिंकाखाली एक गिरणी आहे. धान्याची नव्हे, खरकट्याची. पुण्याला राहणाऱ्या माझ्या लेकीनं, तिची आई गेल्यानंतर, ती बसवून घेतली. उरलेलं अन्न सिंकाच्या भोकात ढकलायचं, नळ सोडायचा, भिंतीवरचं बटण दाबायचं. घर्रर्र आवाज होतो आणि सगळं बारीक होऊन पाण्याबरोबर निघून जातं. आमच्या लोहारा गावात असलं यंत्र कुणी पाहिलेलं नव्हतं. पहिल्या महिन्यात निम्मी गल्ली ते बघून गेली. समोरच्या घरातल्या वहिनींनी त्याला 'सिंकातली गिरणी' म्हटलं आणि तेच नाव पडलं.

मी बसस्टँडवर कंट्रोलर होतो. सगळी नोकरी खिडकीत बसून लोकांना सांगण्यात गेली, कुठली गाडी किती वाजता आणि कुठल्या फलाटावर. दुसऱ्यांना सांगायची सवय अशी हाडात मुरली की स्वतःचं काही सांगायचं म्हटलं की माझी जीभ जड होते. बायको होती तोवर हे खपून गेलं. माझा गुडघा दुखतो हे डॉक्टरला ती सांगायची, मला वांगं नको हे पाहुण्यांना ती सांगायची, आणि मला लेकीची आठवण येते हे लेकीलाही तीच सांगायची. मी शेजारी बसून पेपर वाचायचो.

गेल्या पावसाळ्यात मला ताप भरला. तीन दिवस दार लावून पडून राहिलो. लेकीचा फोन आला की घसा साफ करायचा आणि "ठणठणीत आहे" म्हणायचं, असा कार्यक्रम चालला. चौथ्या दिवशी दाराशी साठलेल्या दुधाच्या पिशव्या बघून वहिनींनी तिला कळवलं. ती धावत आली. दवाखाना झाला, सलाईन झालं. मग कॉटच्या कडेला बसून ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्हाला स्वयंपाक जमत नाही याची मला काळजी नाही. काहीही झालं तरी तुम्ही कुणाला सांगणार नाही, त्याची आहे. आता पुण्याला चला."

पुण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. जावई चांगले आहेत, नातू गोड आहे. पण तिथं मी चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली बघत बसेन आणि खालून कुणी वर बघून "काय कंट्रोलर साहेब, लातूर गाडी लागली का?" असं विचारणार नाही. इथं अजून विचारतात. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी विचारतात, आणि मी अजून बरोबर वेळ सांगतो. मला इथंच राहायचं होतं. लेकीपुढं मी एवढंच म्हणालो, "संक्रांतीपर्यंत थांब." ती थांबली. त्याआधी एकदा येऊन, माझं कसं चाललंय ते बघणार आणि मग काय ते ठरवणार, असं झालं.

संक्रांतीच्या आधी आमच्याकडं येळवस येते. पुस्तकात तिला वेळ अमावस्या म्हणतात. त्या दिवशी गाव ओस पडतं. सगळे शेतात, कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पूजा, आणि मग शेंगा-भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, खीर, आणि वर गाडगंभर आंबील. ताकात ज्वारीचं पीठ घालून केलेली ही आंबील ज्यानं येळवशीला शेतात बसून प्यायली, त्याला दुसरं काही गार लागत नाही. आमची स्वतःची जमीन नाही, पण आम्ही दोघं नवरा-बायको दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या शेतात असायचोच. यंदा पाच घरांनी बोलावलं. मी पाचही घरांना गुडघ्याचं कारण सांगितलं. खरं कारण, तिच्याशिवाय कोपीत जाऊन बसायचं जिवावर आलं होतं. तेही कुणाला सांगितलं नाही.

आता आमच्याकडची माणसं अशी, की शेतात न आलेल्याला जेवण घरी पोचवायचं. संध्याकाळी दारावर रांग लागली. एकानं पितळी डबा भरून भज्जी आणली, दुसऱ्यानं कॅनमधून आंबील. वहिनींनी तर पातेलं भरून भज्जी आणि कळशीभर आंबील आणून ओट्यावर ठेवली. प्रत्येकाला मी म्हणालो, "अरे वा, बरं झालं." पाच घरची पाच जणांची जेवणं आणि खाणारा मी एकटा.

दोन दिवस सकाळ-संध्याकाळ भज्जी खाल्ली. तिसऱ्या दिवशी आंबील फसफसायला लागली आणि माझं पोटही. टाकायची कुठं? सकाळी घंटागाडी येते तेव्हा सगळी गल्ली बादल्या घेऊन उभी असते. ज्यांनी दिलं त्यांच्यासमोर त्यांचंच अन्न ओतायचं? गल्लीत गाय येते, पण ती नेमकी वहिनींच्या पायरीशी उभी राहते. मग माझी नजर सिंकाकडं गेली. दार लावून घेतलं, खिडकीही लावली, आणि पाच घरचं प्रेम एकापाठोपाठ एक भोकात ढकललं. भज्जीतल्या तुरीच्या आणि वाटाण्याच्या शेंगा सालीसकट. गिरणी कुरकुरली, पण चालली. वरून घट्ट झालेली आंबील ओतली. भांडी घासून पालथी घातली आणि आपण मोठे हुशार, असं स्वतःला वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून सिंक तुंबायला लागलं. आधी पाणी हळूहळू उतरायचं. चहाचा कप विसळला तर तळाशी दूधट पाणी थांबायचं, मी पेपरचं एक पान वाचून येईपर्यंत जायचं. मग पूर्ण पेपर वाचून झाला तरी जाईना. त्यातच एका सकाळी लेकीचा फोन आला, "बाबा, मी निघालेय. दोनपर्यंत पोचते."

मी घड्याळ बघितलं. साडेआठ झाले होते. सिंकात चार बोटं पाणी होतं आणि त्याला आंबूस वास सुटला होता. लेक आल्या आल्या हात धुवायला इथंच येणार. तुंबलेलं, वास मारणारं सिंक बघितलं की तिला वेगळं काही विचारावंच लागणार नव्हतं. माझा निकाल तिथंच लागणार होता.

मी कंबर कसली. पहिल्यांदा गिरणीचं बटण दाबलं. ती नुसतीच 'घूं' करून गप्प झाली. मग मोबाईलवरच्या व्हिडिओत एका गृहस्थांनी खायचा सोडा आणि लिंबू टाकायला सांगितलं होतं ते केलं. थोडा फेस आला. मग मला वाटलं, चिकट आहे तर उकळतं पाणी ओतू, सगळं सुटून जाईल. मोठं पातेलं भरून उकळवलं आणि जपून ओतलं. त्यानंतर जे थेंब थेंब उतरत होतं तेही बंद झालं. नळाची कामं करणाऱ्याला फोन लावला, तर तो उमरग्याला बारशाला गेला होता. तारेचा हँगर सरळ करून भोकात घातला, तो अडकून बसला. तोवर बारा वाजले होते.

खुर्चीवर बसून मी त्या पाण्याकडं बघत राहिलो. लाज वाटत होती, भीती वाटत होती आणि स्वतःचा रागही येत होता. वहिनींच्या घरी सहा माणसांचा स्वयंपाक असतो, त्यांचं सिंक त्या स्वतः खोलून साफ करतात हे मला माहीत होतं. पण त्यांना बोलवायचं म्हणजे त्यांची भज्जी त्यांनाच नळीतून काढून दाखवायची. मी दोनदा दारापर्यंत गेलो आणि परत आलो. तिसऱ्यांदा गेलो ते सरळ रस्ता ओलांडून त्यांची कडी वाजवली.

"काय वो भाऊजी, तब्येत बरी हाय न्हवं?" त्यांनी घाबरून विचारलं. मी कधी कुणाचं दार वाजवत नाही, म्हणून त्या घाबरल्या.

"तब्येत बरी आहे. सिंक तुंबलंय. आणि लेक यायलीय."

"एवढंच व्हय!" म्हणून त्या पदर खोचतच माझ्याबरोबर आल्या.

आल्या आल्या त्यांनी गिरणीची पिन भिंतीतून उपटली. "करंट बंद केल्याबिगर हात घालायचा न्हाय," म्हणाल्या. वाटीनं सिंकातलं पाणी बादलीत काढलं, हँगर अलगद फिरवून सोडवला, आणि मग मला खाली बसवलं. सिंकाखाली इंग्रजी यू अक्षरासारखा वाकलेला एक प्लास्टिकचा पाईप असतो. त्याखाली दुसरी बादली धरायची आणि दोन्हीकडच्या चुड्या, म्हणजे आटे, हातानं फिरवून तो काढायचा, हे मला त्या दिवशी कळलं. मी फिरवलं. पाईप निघाला आणि त्यातून पांढऱ्या पिठाचा एक आख्खा गट्टू बादलीत पडला. त्यात शेंगांच्या सालीचे दोरे होते आणि गिरणीच्या तावडीतून निसटलेली गाजराची एक मोठी फोड तशीच्या तशी.

वहिनींनी ती फोड बघितली. गल्लीत एवढ्या मोठ्या फोडी फक्त त्याच करतात.

"ही माझी भज्जी हाय की वो," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

मला वाटलं, जमीन फाटावी. पण आता लपवायला काही उरलंच नव्हतं. मी खाली बसल्या बसल्या सगळं सांगितलं. पाच घरचे डबे, दोन दिवसांची भज्जी, फसफसलेली आंबील, घंटागाडी, गाय, लावून घेतलेली खिडकी. शेतात का गेलो नाही तेही सांगून टाकलं. शेवटी उकळत्या पाण्याचंही सांगितलं.

मग वहिनींना जे हसू फुटलं ते आवरेना. डोळ्याला पदर लावून हसत होत्या, आणि त्यात थोडं रडणंही होतं. "आवो भाऊजी, ज्वारीच्या पिठावर उकळतं पाणी? आमी भाकरीला उकड काढताव तशी तुमी नळीत उकड काढली की! मग कसं उतरंल पाणी?" जरा थांबून म्हणाल्या, "पाच डबे आले, आता नगं, एवढं म्हनायला तोंड दुखतंय का तुमचं? आमी नेऊन दुसऱ्याला दिलं असतं. आन् त्या माउलीची आठवण आमाला बी येती. तुमी आला असता तर सगळ्यांनी मिळून काढली असती."

मी पाईप अंगणातल्या नळाखाली धरला आणि बाटली धुवायच्या ब्रशनं आतून घासला. गिरणी मात्र अजून अडकलेली होती. तिच्या बुडाला एक भोक असतं, त्यात घालायची किल्ली लेकीनं ड्रॉवरमध्ये ठेवलेली होती. मी पाठीवर झोपून, डोकं सिंकाखाली घालून, ती किल्ली मागं-पुढं फिरवायला लागलो. वरून वहिनी सांडशीनं शेंगांचे दोरे उपटत होत्या. "निघाला! अजून फिरवा! निघाला!" असा आमचा आरडाओरडा चालला होता, आणि दाराशी लेक कधी येऊन उभी राहिली ते दोघांनाही कळलं नाही.

मला फक्त तिचे बूट दिसले. पाऊण तास लवकर आली होती.

"बाबा? काय चाललंय?"

मी बाहेर आलो. शर्टवर पिठाचं पाणी, केसात कसलीशी साल. आता सारवासारव करायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला करायचीही नव्हती. मी म्हणालो, "तुंबलं होतं. माझ्याच चुकीनं. वहिनी मदत करायल्यात. पाईप बसवू दे, मग सगळं सांगतो."

रबराची रिंग खाचेत नीट बसवून मी पाईप लावला, चुड्या आवळल्या, पिन घातली. गिरणीच्या बुडाचं, अडकलेली गिरणी पुन्हा चालू करायचं लाल बटण आत दाबलं, नळ सोडला आणि भिंतीवरचं बटण दाबलं. घर्रर्र. पाणी गोल फिरलं आणि एका दमात खाली गेलं. वहिनींनी टाळी वाजवली. मीही लहान पोरासारखा हसलो. लेक मात्र हसली नाही. ती माझ्याकडंच बघत होती.

वहिनी हात धुऊन, "बाई, रातच्याला दोघं बी आमच्यातच जेवायला या," असं तिला बजावून गेल्या. आणि मला दारातून म्हणाल्या, "आन् नगं असलं तर नगं म्हना, भाऊजी!"

"नको नाही. येतो," मी म्हणालो.

मग मी लेकीला सगळं सांगितलं, काही न वगळता. तिनं मध्ये एकच प्रश्न विचारला, "काकू आपण होऊन आल्या का? वास आला म्हणून?"

"नाही गं. मी गेलो त्यांच्याकडं. कडी वाजवली."

"तुम्ही?"

"दोनदा परत फिरलो. तिसऱ्यांदा वाजवली."

ती उठून अंगणात गेली आणि तिनं जावयांना फोन लावला. आवाज दाबून बोलत होती, पण आमचं घर लहान आहे, ऐकू आलंच.

"ऐका ना, बाबांसाठी ती खोली रिकामी केलीय ना आपण, त्यात पोराचं टेबल लावून टाका. हो, कायमचंच लावा. नाही हो, भांडण नाही झालं." मग समोरच्या घराकडं बघत म्हणाली, "त्यांनी शेजारच्यांचं दार वाजवलं."