हॉलमध्ये वाजवलेला माझा आवाज

शाळेच्या हॉलमध्ये माझा आवाज वाजत होता आणि मी खुर्चीत गप्प बसले होते.

वार्षिक कार्यक्रम होता. मुलांचे नाच झाले, बक्षिसं झाली, आणि मग पालकांच्या कमिटीचं एक नाटुकलं. नाव काय, तर ‘हमारा क्लास ग्रुप’. पडदा सरकला. स्टेजवर एक बाई. कशीतरी गुंडाळलेली नऊवारी, काखेत पिशवी, नाकावर घसरलेला चष्मा. हातात मोबाइल, आणि तो तोंडासमोर आडवा धरलेला, पाव खायला घ्यावा तसा. मी हसले. खोटं कशाला सांगू, पहिली मीच हसले. म्हटलं, दिल्लीत बसून कुणीतरी आपल्याकडची म्हातारी करतंय. बरं वाटलं.

मग स्पीकरमधून आवाज आला.

“सब माताओं को नमस्कार. मैं दादी बोलती. ध्यान से सुनना हां.”

माझा आवाज. नक्कल नाही, माझाच. मोबाइलवर मी बोललेला. स्टेजवरची बाई नुसते ओठ हलवत होती.

हॉल फुटला. लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. माझ्या शेजारचे गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, क्या कैरेक्टर है यार. त्यांना माहीत नव्हतं, कॅरेक्टर शेजारीच बसलंय.

“डरने का नहीं. मैं भी बहुत रोयी थी. मेरे को लगा मैं मर गयी.”

एवढं वाजलं आणि स्टेजवरची बाई धाडकन आडवी पडली. जीभ बाहेर. मेली. टाळ्या, शिट्ट्या. मागून कुणीतरी ओरडलं, एक बार और. त्यांनी परत वाजवलं. बाई परत मेली.

मी नऊवारी नेसतसुद्धा नाही हो. आयुष्यात नेसले नाही. पण मराठी म्हातारी म्हणजे नऊवारी, असं त्यांनी ठरवलं होतं.

मी जुईला शोधलं. जुई माझी नात, नववीत. समूहगीताच्या मुलींबरोबर पांढऱ्या कपड्यांत भिंतीशी उभी होती. वाटलं, पोरगी रडत असेल. उठून जाऊन जवळ घ्यावं.

जुई हसत होती. मैत्रिणीच्या खांद्यावर हात ठेवून, तोंड उघडं टाकून हसत होती.

आता हे सगळं कुठून सुरू झालं ते सांगते, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही.

मी शाळेत गेलेली बाई नाही. मराठवाड्यातल्या आमच्या गावात शाळा होती, पण ती गावाची, आमच्या वस्तीची नाही. लग्न होऊन दिल्लीत आले, हे केंद्र सरकारच्या ऑफिसात दफ्तरी होते, फायली लावायचे. मुलगा शाळेत जायला लागला तशी त्याच्याशेजारी बसून मी अक्षरं लावली. आधी मराठी, मग हिंदी. इंग्रजी बसच्या पाट्यांवरून आणि त्याच्या पुस्तकांवरून. मला सगळं येतं असं नाही म्हणत. बोट ठेवून ठेवून वाचते, अडलं तर विचारते. आता मुलगा मोठा साहेब आहे मंत्रालयात, सूनबाई नोएडाला नोकरी करते. दोघं सकाळी मेट्रोला पळतात. म्हणून जुईच्या शाळेचा ग्रुप माझ्या मोबाइलवर. मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये दिवसभर मी आणि तो ग्रुप.

शाळेत रोज काय झालं ते घरी कळावं म्हणून तो ग्रुप. आज प्रयोग काय केला, उद्या चाचणी कसली, कोण उशिरा आलं, सहलीला काय आणायचं. सगळं इंग्रजीत. मोठमोठे शब्द. खाली पालक अंगठे टाकतात. थँक यू मॅम, हात जोडलेले.

त्या वर्गात कोट्यातली मुलंही आहेत, फी माफ असलेली. त्यांच्या आया लोकांच्या घरी कामं करतात, वडील गार्ड, रिक्षावाले. त्याही अंगठे टाकायच्या. न वाचता. सगळे टाकतात म्हणून.

त्यांतल्याच सोनमच्या आईनं एकदा असाच अंगठा टाकला. सहलीची नोटीस होती, घरून लेखी परवानगी द्या म्हणून. सोनम पुरी-भाजी घेऊन, दोन वेण्या घालून सकाळी आली. बस भरली. परवानगी नाही म्हणून तिला उतरवलं आणि दिवसभर लायब्ररीत बसवलं. मी जुईला न्यायला गेले तेव्हा सोनम डबा तसाच मांडीवर घेऊन बसली होती. तिची आई गेटवर मला म्हणाली, “दादी, हमने तो अंगूठा लगाया था.”

त्या संध्याकाळपासून मी नोटीस वाचून हिंदीत बोलून टाकायला लागले. वेगळा ग्रुप केला, त्या चार-सहा आयांचा. रोज चहा झाला की बसायचं, बोट ठेवून वाचायचं, मग बटण दाबून बोलायचं. माझी हिंदी म्हणजे मराठीच, नुसता पदर हिंदीचा. पण त्यांना समजायचं. सोनमची आई म्हणायची, झाडू मारता मारता कानाला लावते, तुम्ही जवळ बसून बोलल्यासारखं वाटतं.

आणि मग आली जुईच्या वर्गातल्या अनन्याची आई.

पुण्याची. कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. मोठ्या ग्रुपची मुख्य तीच, कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं तिच्या हातात. बसस्टॉपवर माझं बोलणं ऐकलं आणि मराठीत म्हणाली, “अय्या काकू, तुम्ही मराठी? मला अहोजाहो करू नका हं.” काय सांगू तुम्हाला. दिल्लीत इतकी वर्षं काढली तरी बाहेर मराठी ऐकलं की आपण कुलूप काढतो, साखळी काढतो, सगळं उघडं टाकतो. कोण आहे, कशाला आलंय, बघत नाही.

तिनं आडनाव विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, “अच्छा.” मग गाव विचारलं. “अच्छा, अच्छा.” त्यानंतर ती घरी कितीदा आली. दारात उभी राहायची, गोड बोलायची. पण चहा नाही घेतला कधी. पाणी दिलं तर, आत्ताच प्यायले काकू. मला कळलं नाही असं समजू नका. गावात जे लहानपणापासून बघितलं ते ओळखायला चष्मा लागत नाही. तरी मी दार उघडत राहिले. मराठीसाठी.

एक दिवस म्हणाली, “काकू, तुमच्या त्या छोट्या ग्रुपमध्ये मला पण घ्या ना. तुमचा आवाज ऐकला की माहेरचं वाटतं.”

घेतली.

पुढं शाळेची नोटीस आली की नववीच्या मुलींसाठी डॉक्टरबाई येणार आहेत, पाळीबद्दल बोलणार आहेत, आईची संमती पाहिजे. आमच्या आया घाबरल्या. लडकियों को ये सब क्यों बताते हैं, नको, त्या दिवशी पोरींना घरीच ठेवतो. मी जुईला जवळ बसवलं आणि तिच्यासमोरच बोलले. माझं सांगितलं. मला काही माहीत नव्हतं, शेतात असताना झालं, मी रडत रडत ज्वारीत लपले, वाटलं मी मेले, कुणी सांगितलंच नव्हतं. म्हटलं, आपल्या पोरींना असं लपायला लावू नका. डरने का नहीं.

सगळ्यांनी संमती दिली. सगळ्या पोरी गेल्या.

तो आवाज. त्यातलीच वाक्यं. पुढचं-मागचं कापून टाकलेली. हॉलला माहीत नव्हतं मी कशाबद्दल बोलतेय. त्या आयांना माहीत होतं. जुईला माहीत होतं. आणि अनन्याच्या आईला माहीत होतं. स्टेजवर नऊवारी गुंडाळून मेली ती तीच.

घरी आलो. जेवताना मी विचारलं, बाळा, तू का हसलीस गं. ताटात बघत हिंदीत म्हणाली. ती घरात मराठी बोलते, पण खरं बोलायचं असलं की हिंदी निघते.

“सब हँस रहे थे आजी. मैं अकेली नहीं हँसती तो सबको पता चल जाता.”

मला गावात कोपऱ्यात बसवलेलं आठवतंय, विहिरीवरून हाकललेलं आठवतंय. हे त्याहून खोल गेलं. चौदा वर्षांच्या पोरीला कळलं होतं की लपायचं कसं. हसून.

मुलगा म्हणाला, आई, सोड. शाळेशी वाकडं नको, अजून चार वर्षं काढायचीत. तू ते बोलणं बंद कर फक्त. सूनबाईनं माझ्या ताटात भात वाढला आणि ती भांडी घासायला लागली.

दुसऱ्या दिवशी अनन्याची आई दारात. हातात मिठाईचा डबा.

“काकू, रागावलात की काय? अहो, गंमत होती. सगळ्यांना तुम्ही इतक्या आवडलात.”

मी म्हटलं, तो आवाज मी त्या बायकांना दिला होता.

“ग्रुपवर टाकलात म्हणजे सगळ्यांसाठीच झालं ना ते? आणि खरं सांगू का, तुमच्यात कसं मोकळं असतं. आमच्याकडे असं कुणी बोलणारच नाही. म्हणून तर इतकं फनी झालं.”

तुमच्यात. आमच्याकडे.

इतके दिवस पाणी न पिता जे पोटात ठेवलं होतं, ते शेवटी बाहेर पडलं. हसत हसत, डबा पुढं करून.

मी डबा घेतला नाही. म्हटलं, “काल तू मला दोनदा मारून दाखवलंस. मेल्या घरी मिठाई आणत नाहीत, बाई. आमच्यात तरी नाही.”

आणि दार लावलं. त्या बाईच्या तोंडावर. माझ्या हातानं.

छोटा ग्रुप रिकामा झाला. एक-एक करून आया निघून गेल्या. सोनमची आई अनन्याच्याच घरी भांडी घासते, तिला तिथंच सांगितलं होतं, उस दादी के चक्कर में मत पड़ो. ती मला रस्त्यात भेटली तर बाजूला बघून गेली. मी तिला दोष देत नाही. पण रात्री जेवण गेलं नाही.

आणि नोटीस काय थांबतात? बोर्डाच्या नोंदणीची आली. मुलांची नावं, जन्मतारखा शाळेनं कशा लिहिल्यात ते येऊन तपासा, नंतर चूक सुधारता येणार नाही. इंग्रजीत. आणि खाली अंगठे पडायला लागले. सोनमच्या आईचा अंगठा. पाठोपाठ दुसरीचा. न वाचता. माझ्या डोळ्यांसमोर.

मी मोबाइल पालथा ठेवला. परत सुलटा केला. तोंड उघडलं की माझाच आवाज हॉलमधून यायला लागायचा. एक बार और. खरं सांगते, मला माझ्या आवाजाची लाज वाटायला लागली होती. तेच तर त्यांना पाहिजे होतं. आम्ही अंगठा टाकायचा आणि गप्प राहायचं. बोललो तर विनोद.

मग डोकं एकदम स्वच्छ झालं. मी लपून कशाला बोलत होते? वेगळा ग्रुप कशाला केला होता? मीच आमच्यासाठी वेगळी वस्ती बांधली होती, गावाबाहेर.

मोठा ग्रुप उघडला. सगळे साहेब, मॅडम, शिक्षक, सगळे असलेला. बटण दाबलं. म्हटलं, जयभीम. माझं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, गाव सांगितलं. मुलगा ज्या शब्दाला दिल्लीत दबकतो तोच आधी घेतला. मग बोर्डाची नोटीस सांगितली, सावकाश, दोनदा. आणि शेवटी सांगितलं की हॉलमध्ये जो आवाज वाजवला तो माझा, आणि मी रडले होते ती पाळी आल्यावर, आणि ज्यांना आता हसायचं आहे त्यांनी पूर्ण ऐकून हसावं.

अंगठा एकाचाही आला नाही.

थोड्या वेळानं अनन्याच्या आईनं मला ग्रुपमधून काढलं. मुलाला शाळेतून फोन आला, तो माझ्यावर चिडला, मी ऐकून घेतलं. सूनबाईनं शाळेला सांगून स्वतःचा नंबर ग्रुपमध्ये घालून घेतला, रात्री ग्रुप उघडून मोबाइल माझ्यासमोर ठेवला आणि कामाला लागली.

आता मी शाळा सुटायच्या आधी गेटवर उभी असते. आलेली नोटीस मोठ्यानं सांगते. पहिल्या दिवशी कुणी थांबलं नाही. गार्डनं हटकलं, मी म्हटलं रस्ता सरकारचा आहे. मग सोनमची आई थांबली. जरा लांब, पाठ करून, भाजी निवडल्यासारखं करत, पण थांबली. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन तिनं सोनमची जन्मतारीख बदलून घेतली. चुकीचीच लिहिली होती.

जुई म्हणते, गेटवर येऊ नको. मुली तिला चिडवतात. ती माझ्या मागून लांबून चालते, मी तिची कुणी नाही असं. माझ्या काळजाला भोक पडतं, तरी मी वळून बघत नाही.

मी गप्प बसले तर ही पोरगी जन्मभर सगळ्यांच्या आधी हसत राहील, आपण कोण ते कळू नये म्हणून. ते मी होऊ देणार नाही. तिनं माझा राग करावा. खुशाल करावा. मी उद्या गेटवर उभी राहणार आणि आजच्यापेक्षा मोठ्यानं बोलणार.