करपलेल्या भाकरी
भाकर करपल्याचा वास आला की मला औटकी आठवते, म्हणजे साडेतीनाचा पाढा. निजामाच्या राज्यात मिडलच्या परीक्षेला मी एकट्या हिशेबात नापास झालो होतो. पुन्हा बसून पास झालो तरच गावच्या शाळेत मास्तरकी मिळणार होती. लग्न नुकतंच झालेलं, आणि वडीलधाऱ्यांच्या देखत नवऱ्याशी बोलायची सुनेला सोय नव्हती. सकाळी मी ओसरीवर पाढे घोकायचो, आत बायको ज्वारीच्या भाकरी थापायची. तिचे वडील चिटगुप्प्याच्या बाजारात धान्य मापायचे. त्यांचं ऐकून ऐकून, अक्षरओळख नसतानाही, तिला सगळे पाढे येत होते. एकदा मी "सात औटं साडेबावीस" म्हणालो आणि आतली थापटी थांबली. चाचपडत "साडेचोवीस" म्हटलं, तशी पुन्हा सुरू झाली. मग रोजच तसं व्हायला लागलं. मी बरोबर म्हणेपर्यंत ती कान लावून बसायची आणि इकडं तव्यावरची भाकर करपायची. "हात कामून थांबायलाय गं? वास सुटलाय की!" आई ओरडायची. "चुकलं, अत्याबाई," ती म्हणायची. चुकलेला असायचो मी. एका दुपारी बायका जेवायला बसलेल्या दिसल्या. सगळ्या करपलेल्या भाकरी तिच्या एकटीच्या ताटात होत्या. त्यानंतर मी औटकी अशी घोकली की त्या खेपेला पासच झालो. आता ती नाही. आज नातसून करपलेली भाकर गाईला घालायला निघाली, तर मी म्हटलं, "न्हाई बाई, इकडं आण. ती माझी हाय."