मे महिन्यातला फ्लॉवर

“मनीषाबेन, रमीलाबेनचं शेत यादीतून काढा,” फोन ठेवत आमचे सेठ हितेशभाई म्हणाले. “तिच्या फ्लॉवरला औषधाचा वास येतो. मेंबरची कम्प्लेन्ट आहे.”

मी चाट पडले. मे महिना चालू होता. बारडोलीजवळच्या त्या शेतावर मी दोनच दिवसांपूर्वी जाऊन आले होते. फ्लॉवरचं पानसुद्धा नव्हतं तिथे.

उधन्यात आमचं पॅकिंग शेड आहे, मी तिथली सुपरवायझर. सभासद हंगामाच्या सुरुवातीलाच पैसे भरून स्वतःला एका शेताशी बांधून घेतात. मग दर आठवड्याला शेतात जे निघेल तेच बॉक्समध्ये घरी जातं. हिवाळ्यात पापडी, मेथी. उन्हाळ्यात दुधी, गवार, गिलकी. याला ऑफिसात सीएसए म्हणतात. औषध मारायचं नाही, ही पहिली अट. रमीलाबेन ती काटेकोर पाळायची. कीड हातानं वेचायची.

मी शेडमध्ये गेले. कोपऱ्यात मार्केटच्या गोणी होत्या, फ्लॉवरनं भरलेल्या. पॅकिंगवाल्या सुमनताईंना विचारलं.

“तू सुट्टीवर होतीस ना, तेव्हा आला हा माल,” त्या म्हणाल्या. “सेठ बोलले, स्टिकर रमीलाबेनचंच लावा.”

माझं डोकंच फिरलं. तशीच केबिनमध्ये शिरले.

“मेंबर गिलकी खाऊन कंटाळले,” हितेशभाई शांतपणे म्हणाले. “व्हरायटी पाहिजे त्यांना.”

“मग मार्केटचा माल म्हणून द्या. तिच्या नावानं कशाला?”

“आता सांगितलं तर कंपनीचं नाव खराब होईल.”

“आणि तिचं झालं ते?”

“तिला कोण ओळखतं?”

इतक्या वर्षांच्या नोकरीत इतकं निर्लज्ज वाक्य मी ऐकलं नव्हतं. बाहेर येऊन रमीलाबेनला फोन लावला. सगळं सांगितलं. ती गुजरातीत म्हणाली, “बेन, नाव काढायचं तर काढा. पण आधी सगळ्यांना सांगा, ते माझं नव्हतं.”

मी तिच्याकडून त्याच क्षणी शेताचा व्हिडिओ मागवला. गिलकीचे वेल, दुधीचा मांडव, बाकी तापलेली जमीन. मेंबरांच्या ग्रुपवर तो टाकला आणि खाली लिहिलं, ‘फ्लॉवर मार्केटचा होता. स्टिकर आम्ही लावलं. चूक आमची.’

तासाभरात मला ग्रुपमधून काढलं, संध्याकाळी नोकरीवरून. बरेच मेंबर योजना सोडून गेले. आठ घरांनी मात्र रमीलाबेनकडून थेट भाजी घ्यायचं ठरवलं. त्यांच्या भाजीचं काम आता मीच बघते, डिंडोलीतल्या माझ्या ओट्यावरून.

एका मेंबरबाईंनी मला नंतर प्रामाणिकपणे सांगितलं, मे महिन्यात इथे फ्लॉवर येत नाही हे त्यांना ठाऊकच नव्हतं. कुठल्या महिन्यात काय पिकतं हे खाणाऱ्याला माहीत नसेल, तर स्टिकरवर कुणाचंही नाव छापता येतं.