मायच्या गळ्यातले घट्टे

केनवडच्या शिवारात ज्वारी निसवली, कणसं बाहेर पडली की मायचा आवाज शेतातल्या मचाणावर, माळ्यावर राहायला जायचा. पाखरं हाकलायला ती अशी लांब हाळी द्यायची, की बांधावर मी पेंगत असलो तरी हाळी अंगावरून वाहत जायची. पाखरांपेक्षा मीच जास्त दचकायचो.

मी कॉलेजात होतो त्या वर्षी हाळी फाटली. आधी घोगरी झाली, मग नुसती हवाच येऊ लागली. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झाला. विहारात वंदना मायच सांगायची. ती धास्तावली. "आता मुकीच राहीन काय मी?"

अकोल्याच्या डॉक्टरांनी आरसा घालून गळा पाहिला. गळ्यातल्या दोन पट्ट्या वाऱ्यानं थरथरतात, एकमेकींवर आपटतात, तोच आवाज; ओरडून ओरडून तिथे घट्टे पडलेत, म्हणाले. मायनं आपले तळहात उलटून पाहिले. "महिनाभर बोलायचं नाही. कुजबूजसुद्धा नाही. नाहीतर कापावं लागेल," डॉक्टरांनी बजावलं.

मी शहरात कॉलेजला परतलो. तिथे खोलीभर पसरलेल्या कॉम्प्युटरवर आमचे सर माणसाचा आवाज गणितानं उभा करू पाहत होते. पट्ट्यांच्या जागी वजनं, त्यांना स्प्रिंगा, खालून फुंकर, सगळं आकड्यांतच. मी कॉम्प्युटरला द्यायच्या कार्डांना भोकं पाडून त्या पट्ट्यांवर मायचे घट्टे चढवले, एकीवर जरा जास्त. थंडगार खोलीत यंत्र गुरगुरलं आणि कागदावर लंगडणारी एक रेघ उतरली. तिला आवाज नव्हता, तरी ती मला ओळखीची वाटली. घट्टे काढले, तर रेघ झोकात चालू लागली. मी कितीतरी वेळ ती बघत बसलो. कागदावर माय बरी झाली होती.

महिना सरत आला तेव्हा घरी आलो, तर तिथे वेगळंच. माय गप्प होतीच, पण बाबाही गप्प! तिला एकटीला गप्प कसं बसवायचं, म्हणून त्यांनीही तोंड शिवलं होतं. माळ्यावर ते रिकामा डबा बडवायचे. दुपारी घर पाण्याखाली गेल्यासारखं वाटे. दोघं खुणांनी बोलत आणि मधेच हसत.

गावात गळ्यासाठी कुणी गप्प बसत नाही, रुसून बसतात. शेजारची मावशी समेट करायला आली. "भांड्याले भांडं लागतेच, म्हून काय बोलनं सोडते का?"

"मायच्या नरड्याले आराम द्यायचा हाय, मावशी," मी म्हणालो.

"तिच्या नरड्याले ना? मंग त्याच्या नरड्याले काय झालं?"



महिना पुरा झाल्यावर डॉक्टरांनी पुन्हा गळा पाहिला, आता हळूहळू बोला म्हणाले. माय तिथे बोलली नाही. एसटीतही नाही. मला भीती वाटत होती, तिला माझ्याहून जास्त. घरी येऊन ती बाबांसमोर बसली. आवाज आला. पूर्वीपेक्षा जाड, खालचा, पण आवाजच.

"बोला ना आता, तुमी बी."

बाबांनी तोंड उघडलं. त्यांच्या गळ्याला काहीच झालं नव्हतं, तरी शब्द फुटेना.