रातपाळीचा माणूस

आमच्या परळच्या चाळीत दिवसा कुणी दार लावत नाही. दुपारी दार बंद दिसलं की समजायचं, आत रातपाळीचा माणूस झोपलाय. गिरण्या कधीच्या बंद झाल्या, पण ही रीत आमच्या मजल्यावर अजून टिकून आहे. बंद दारासमोरून जाताना बायका हळू बोलतात, पोरं चेंडू घेऊन गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला जातात, आणि दार तर कुणी वाजवतच नाही.

मी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला असताना आमचं दार पाच महिने बंद होतं. कामाला मात्र मी कुठेच नव्हतो. माळ्यावर पडून मोबाईल बघायचो. काय बघायचो म्हणाल, तर आज त्यातला एक व्हिडिओ सांगता येणार नाही. पहाटे पाचला डोळा लागायचा, दुपारी दोनला उघडायचा. आधी कॉलेज सुटलं, मग मित्रांचे फोन उचलणं सुटलं, मग फोन यायचेच थांबले. वडील गेल्यापासून घरात आई आणि मी, दोघंच. ती सकाळी सातला कामावर जाताना दार ओढून घ्यायची. एवढ्या भरल्या चाळीत मला कुणी हाकसुद्धा मारत नाही, याचा मला भयंकर राग यायचा. कुणी आलं असतं तर मी दार उघडलं नसतं, हेही खरं. असा मी शहाणा.

आदल्या वर्षी राहिलेला एक पेपर पुन्हा द्यायचा होता. तो चुकला की वर्ष वाया. त्या सकाळी आईनं निघताना हाक मारली, मी "हो" म्हटलं आणि कूस बदलली. पेपर अकराचा. नऊचा गजर लावला होता, पण रात्रभर बघून बघून मोबाईलची बॅटरी संपली होती. जाग आली तेव्हा पावणेदोन वाजले होते.

तसाच दार उघडून बाहेर आलो. शेजारचे काका, एके काळचे गिरणी कामगार, आमच्या दाराजवळ खुर्ची टाकून बसले होते.

"काका, माझा पेपर होता! एकालाही दार वाजवावंसं वाटलं नाही?"

"रातपाळीच्या माणसाक कोण उठवता?"

"कसली रातपाळी?"

"कॉल सेंटराक लागलंस ना? तुझ्या आवशीनंच सांगल्यान माका."

आईनं असं सांगून ठेवलंय, हे मला माहीतच नव्हतं. पाच महिने हा म्हातारा स्वतःची वामकुक्षी सोडून माझ्या झोपेची राखण करत होता. मी म्हणालो, "मी कुठेच लागलो नाही, काका. रात्रभर मोबाईल बघतो." ते खुर्ची उचलून आत गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी आई आली. पेपर चुकल्याचं सांगितलं, आणि काकांना खरं सांगितल्याचंही. पेपराबद्दल तिनं अवाक्षर काढलं नाही.

"मग आता लोकांना काय सांगू?"

"सांग, मुलाला रात्री झोप येत नाही!" मी ओरडलो. हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होतो, आणि मधेच रडू फुटलं.

ती चपला न काढता उंबऱ्यात उभी होती.

"माहितीये मला," ती म्हणाली. "तुझ्या मोबाईलचा उजेड माळ्यावरून माझ्या अंथरुणावर पडतो. तो विझेपर्यंत मलापण नाही लागत रे."